टाकीचं भोक

रविवार, दिवेलागण

आज भाऊजींना सरळ सांगितलं, टाकीच्या भोकाला हात लावायचा नाही. त्यांचं तोंड एवढंसं झालं. माझं चुकलं का? नाही चुकलं.

नारळांच्या बुंध्याशी घुशी बिळं करत होत्या, म्हणून हे माझे धाकटे दीर उन्हाळाभर दर रविवारी सालवडहून एअरगन घेऊन येतात. घूस एकही मेली नाही. एक छर्रा मात्र वाडीतल्या प्लास्टिकच्या टाकीत घुसला. तेव्हापासून पाणी ठिबकतंय. आधी मी चिडले होते. पण त्या ओलीवर एक मुंगूस पाणी प्यायला यायला लागलं. पाणी पितं आणि बुंध्यांमधून फिरून जातं. परवा त्याच्या तोंडात घूस होती. आता कुठेही नवी माती उकरलेली दिसत नाही.

भाऊजी ते बघून खूश. "वैनी, माज्या बंदुकीला घाबरल्या सगल्या," म्हणाले, आणि भोक बुजवायला ओला साबण घेऊन निघाले. तेवढ्यात मुंगूस आलं. त्यांनी साबण टाकून बंदूक उचलली. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"त्याला नाय मारायचं. घुशी त्याने घालवल्या, तुमी नाय."

"मंग मी येऊ कशाला?"

"जेवायला या. बोंबील करते. बंदूक घरी ठेवा."

गेले बिचारे. येतील रविवारी, बोंबील सोडायचे नाहीत.

भोक जरा मोठं करावं का?