चालून उतरलेलं वजन

तीर्थरूप दाजी,

उताणा पडूनच साष्टांग नमस्कार घालतो आहे (तो पालथं पडून घालायचा असतो हे ठाऊक आहे, पण पित्ताशयातले खडे ऐकत नाहीत). तुमची साखर काय म्हणते? सोमवारी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे पिशवी भरायला घेतली असेलच. ताई बरी असेल.

माझं ऑपरेशन काल व्हायचं होतं. झालं नाही. का, ते आडव्यानेच लिहितोय, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. वर्षभरात एवढं वजन कसं उतरलं, असं त्यांनी मला विचारलं आणि उत्तर हिने दिलं. रोज पहाटे दाजींबरोबर चालायला जातात, काय निग्रह आहे म्हणून सांगू! (आपण कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतच जातो आणि आठवड्यातून एकदा तिथे शर्ट वर करून वजन उतरवायचं इंजेक्शन टोचून घेतो, हे हिला कुठून माहीत असणार?) बाई म्हणाल्या, विचारायचं कारण असं, की ती नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या पोटात अन्न फार वेळ रेंगाळतं. माणूस उपाशी असला तरी पोट रिकामं असेलच असं नाही. भुलीत ते वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. तुम्ही घेत नाही ना? मी हिच्याकडे पाहिलं. ही अभिमानानं माझ्याकडेच बघत होती. मी नाही म्हणून मान हलवली. कशी हलवली, दाजी, तेच कळत नाही.

मग मला स्ट्रेचरवरून आत न्यायला निघाले. छताचे दिवे मागे सरकत होते आणि मला रात्रीचा एकेक घास आठवत होता (उद्या उपाशी राहायचंय म्हणून हिने आग्रह करकरून वाढलेलं). आपण मरणार, तेही बारीक होऊन मरणार, आणि भेटायला येणाऱ्यांना ही सांगणार, रोज चालायचे हो! टेबलावर घेतलं, मास्क तोंडाजवळ आला, आणि मी बाईंचं मनगट असं आवळलं की सिस्टर धावत आल्या. घेतो, परवाच घेतलंय, असं ओरडलो. बाहेर हिला ऐकू गेलं म्हणे. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. रात्रीचं जेवण तसंच बसलं होतं. ऑपरेशन पुढे गेलं. ही तेव्हापासून डबा ठेवते आणि खिडकीबाहेर बघत बसते.

मी फार घाबरलो, दाजी. अजून डोळे मिटले की तो मास्क जवळ येतो.

तुमचा,
भेदरलेला मेहुणा

ता. क. : सोमवारी तुम्हालाही भूल देणार आहेत. इंजेक्शन आणि साखरेच्या गोळ्या, दोन्ही तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा. मनानं काही बंद करू नका, काय थांबवायचं आणि कधी, ते त्यांना ठरवू द्या.

आणखी एक ता. क. : तुम्ही सांगणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र ताईच्या नावे धाडलंय. तुमच्या हाती येईल तेव्हा तिचं वाचून झालेलं असेल. शिव्या खुशाल द्या, पण ऑपरेशननंतर, शुद्धीवर येऊन द्या.