चारला आठ टोले

चि. धाकट्या,

आशीर्वाद मागाहून, आधी बोलणी खा. आई दुपारी चारला रात्रीचं जेवण मागते, म्हणून तिला भ्रम झाला म्हणतोस? दिसत नाही तिला. बाबांच्या फ्रेंच घड्याळाचे टोले मोजूनच तिचा दिवस चालतो.

बंद पडलेलं घड्याळ लावताना तू काटे गरागरा फिरवलेस ना? दर तासाला थांबून टोले पुरते वाजू द्यायचे असतात, नाहीतर त्याची मोजणी चुकते. मग चारला आठ वाजणारच.

घड्याळावर रेललेल्या सोनेरी बाईच्या पुतळीची धूळ तेवढी रोज पुसत असशील. आईजवळ कोण बसतं?

माझं बरं आहे, गुडघा सोडून.

घड्याळजीला बोलाव, टोले जुळवून घे, आईची माफी माग. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं, आणि ते आईनं सांगितलेलं हवं.

तुझी ताई