चुकांचं प्रकरण

रविवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र बुधवारी मिळालं. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, चढू देतो म्हणून लगेच गच्चीवर पळू नका. इकडे मी ठणठणीत आहे. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. प्लंबर आला, थोडी ठोकाठोकी केली आणि नळ मीच बिघडवल्यासारखा चेहरा करून गेला. जेवणखाण व्यवस्थित चालू आहे. भाजी आता सहसा करपत नाही, आणि करपली तरी सांगणारं कोणी नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला थांबावंच लागतं.

काम कसं चाललंय, असं विचारलं होतंस. तर ऐक. आमची कंपनी प्रोग्रामिंगची एक भाषा बनवते, एवढं तुला ठाऊक आहे. त्या भाषेत वाक्यं जुळवून देणारी एक लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे गं, तयार अवजारांची पेटी समज. शाळेत आपल्याला 'रिकाम्या जागा भरा' असायचं ना, तोच प्रकार. प्रोग्राम लिहिणारा रिकाम्या जागा सोडलेलं वाक्य देतो, सोबत नाव, आकडा, तारीख अशी मूल्यं देतो, आणि ही लायब्ररी ती जागच्या जागी बसवते. लायब्ररी हिने, तुझ्या भावजयीने, लिहिली. ती कशी वापरायची हे सांगणारी पानं लिहिणं माझ्याकडे. सध्या त्यातलं सगळ्यात कटकटीचं प्रकरण चालू आहे, चुकांचं. जागा तीन आणि मूल्यं दोनच आली तर काय होतं? आकड्याच्या जागी नाव आलं तर? कंस उघडला आणि मिटलाच नाही तर? प्रत्येक चुकीला कोणता संदेश दिसतो आणि तो दिसला की माणसाने काय करायचं, हे लिहायचं.

आता उंटाबद्दल सांगतो. उंट त्याला मीच म्हणतो, तेही मनातल्या मनात. नवा प्रोग्रामर आहे. उंच, मान पुढे काढून चालतो, आणि एखाद्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला की हलत नाही. गेल्या हिवाळ्यात लागला आणि त्याला हिच्याच शेजारचं टेबल मिळालं. मी काचेच्या पलीकडे, झेरॉक्सच्या मशीनजवळ. काचेतून शब्द ऐकू येत नाहीत, हसणं येतं.

कोणती चूक कशी हाताळायची हे त्या दोघांनी ठरवलं, कामावर एकमेकांना टिपा लिहून. त्या टिपा वाचणं माझं कामच होतं. पण ताई, मी काम म्हणून वाचायला बसलो आणि चोरासारखा वाचत गेलो. त्याने विचारलं होतं, 'समजा मूल्य कमी पडलं, तर जागा गपचूप रिकामी सोडायची की ओरडून सांगायचं?' त्यावर हिचं उत्तर, 'अरे वा! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.'

अरे वा! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एक 'अरे वा' मिळाल्याचं आठवत नाही. माझ्या भाजीला नाही आणि माझ्या पानांना तर नाहीच. माझ्या पानांवर ती लिहिते, 'ठीक'. त्या दिवशी डबा न उघडताच घरी आणला. आधी ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. 'तुम्ही'चं 'अरे' कधी झालं, ते मी जुन्या टिपा चाळून काढलं. लाज वाटत होती, तरी काढलं.

आणि मग मला तो संदेश सापडला. मूल्यं कमी पडली की दिसणारा. तिथे साधं सरळ वाक्य हवं, 'दिलेली मूल्यं जागांपेक्षा कमी आहेत', असं. तिथे लिहिलेलं होतं, 'खुर्ची मांडली, चहा गार झाला, पाहुण्याचा पत्ता नाही.' त्या फाईलला शेवटचा हात उंटाचा लागलेला. आणि खाली हिची टीप, 'हे सध्या राहू दे.' म्हणजे त्याने थट्टा करायची आणि हिने ती जपून ठेवायची!

मी घरी विचारू शकलो असतो. पण मला तो चारचौघांत खाली मान घातलेला बघायचा होता. गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी बैठकीत, आमच्या मोठ्या बाईंसमोर, मी ते वाक्य खणखणीत वाचून दाखवलं आणि म्हणालो, "लोक हे विश्वासाने वापरणार आहेत. असला पोरकटपणा कोणाचा, हे कळायला हवं." उंट लालबुंद झाला आणि त्याने हिच्याकडे पाहिलं.

ही म्हणाली, "माझा आहे. मी लिहिलंय ते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं, बदलून टाका," आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली. "तुला ते कोणी लिहिलं असं वाटलं?"

मी चपला काढायला वाकलो.

"अख्ख्या ऑफिसात ते संदेश नीट वाचणारा एकच माणूस आहे. पानात उतरवताना तुझ्या नजरेला पडेल, म्हणून ठेवलं होतं. तू हसशील, मला हाक मारशील, मग बदलून टाकू, असं वाटलं."

"मग मला सांगायचंस."

"सांगून कोण हसतं रे?" मग म्हणाली, "तू त्याच्यावर जळतोस, हे मला केव्हाच कळलंय. तेही मी एक वेळ समजून घेईन. पण माझी थट्टा तुला ओळखू येऊ नये?"

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तुला ते कळलंच असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन निघाली, ती माहेरी गेलीच नाही, तुमच्याकडे आली.

गेले तीन आठवडे ती तुमच्या मागच्या खोलीत राहते आहे. आणि तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात गुडघ्याला दीड पान, कुंड्यांना अर्धं, आणि तिच्याबद्दल अवाक्षर नाही. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कुठे 'आम्ही तिघं' असं चुकून निसटलंय का, ते बघत होतो. खरं सांगू? मला तुझाही हेवा वाटतो. सख्खा भाऊ मी, आणि तू तिची झालीस. सकाळी ती चहा कोणाबरोबर पिते? भावोजींना हसवते का? हसवत असेल. ते कशालाही हसतात.

काम ती तिथूनच करते. उंटाला तिची उत्तरं येतात. तो बिचारा माझ्याकडे येऊन सांगतो, "त्यांनी असं म्हटलंय." 'बिचारा' मी मुद्दाम लिहिलं. मनातून अजून म्हणता येत नाही.

गुरुवारी मी प्रकरण तिच्याकडे तपासायला पाठवलं. तो नियमच आहे. मी लिहिलं होतं, 'मूल्यं कमी पडली, तर ती वापरणाऱ्याची चूक आहे.' संध्याकाळी प्रकरण परत आलं. बाकी सगळीकडे 'ठीक'. फक्त त्या वाक्यावर काट मारलेली आणि शेजारी लिहिलेलं, 'चूक कोणाची, हे सांगून वाचणाऱ्याचं काम पुढे सरकत नाही. काय झालं आणि आता काय करायचं, एवढंच लिही.'

ते वाक्य मी बदललं. मग बराच वेळ काचेतून तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. उंटही तिकडेच बघत होता. काम अडलं असेल त्याचं. पण मला तेही खपलं नाही.

शुक्रवारी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कशाबद्दल?" त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत मला पुन्हा त्याचाच राग आला होता. मत्सराला औषध नाही म्हणतात, ते उगाच नाही.

तर काय झालं ते सगळं सांगितलं. आता मी काय करणार, तेही सांगतो. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. तिला न्यायला नव्हे. तिला माझं तोंड बघायचं नसेल तर भावोजींना भेटून संध्याकाळी परत फिरेन. पण बघायला तयार झाली, तर मी तुमच्या दोघांच्या देखत तिची माफी मागणार आहे. तिला मान खाली घालायला लावली ती दहा जणांत, माफी बंद दाराआड मागून चालणार नाही. आणि त्यानंतर पुन्हा संशय घेणार नाही, असं वचन मात्र मी देणार नाही. देववत नाही. येईल तेव्हा तोंडावर विचारेन, एवढं कबूल करेन.

तिला आधी सांगायचं की नाही, ते तू ठरव. हे पत्र शक्यतो दाखवू नकोस. आणि दाखवलंसच, तर वाचताना तिचा चेहरा कसा झाला ते मला कधी सांगू नकोस. तो तू पाहिलास आणि मी नाही, हे मला सोसणार नाही.

तिचा नवरा
(आणि अर्थात तुझा भाऊ)