गैरहजर खेळाडूचं पात्र

६ एप्रिल, रविवार

नव्या नोकरीसाठी नागपुरात येऊन सहा दिवस झाले आणि आज पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले.

सांगली सोडताना आई म्हणाली होती की तिकडे तुझं कुणी नाही. आहेत की! इंटरनेटवरच्या खेळाडूंच्या गटात मी विचारलं होतं, नागपुरात कुणी खेळतं का? दोन तासांत नागसेन मेश्रामचं उत्तर आलं : दर रविवारी दुपारी चार वाजता, इंदोऱ्यात, आमच्या घरी, एक खुर्ची रिकामी आहे. आज हिंगणा रोडवरच्या खोलीतून निघाले, सीताबर्डीला मेट्रो बदलली आणि इंदोरा चौकात उतरले तेव्हा रस्ता तव्यासारखा तापला होता. घरात मात्र पडदे ओढलेले, कूलरच्या गवताचा ओला वास आणि टेबलावर पन्ह्याचा जग. नागसेन शाळेत भूगोल शिकवतो. त्याची बायको मेघा फिजिओथेरपिस्ट आहे. तिसरे देवराव, अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त, पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं.

खेळ तोच, जो मी पुण्यात नोकरीला असताना पाच वर्षं खेळले. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून काय करायचं ते सांगतात, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आज नागसेनने एक नवी पद्धत काढली होती, नियम फक्त दोन पानांचे. मी झाले होडीवाली चोरटी. राजवाड्याच्या भिंतीवर चढताना मी घुटमळले, तर मेघा ओरडली, “काहून भिऊन राहिली वं? टाक ना फासा!” टाकला. वीसपैकी वीस! देवरावसुद्धा टाळ्या वाजवत उभे राहिले.

परत येताना मेट्रोत एकटीच हसत होते.

१० एप्रिल, गुरुवार

कंपनीची बस सकाळी सहा चाळीसला नाक्यावर येते. तपासणी विभागात माझ्यासकट पाचजणी आहोत. काम ओळखीचंच.

संध्याकाळी देवरावांचा फोन आला. जुन्या आणि नव्या पद्धतींवर तासभर बोललो. मी म्हटलं, जुन्या खेळांत दर दाराआड मरण असायचं, वैताग यायचा. ते म्हणाले, “अन् तुमच्या नवीन खेळात मरालेच भेटत नाही. मंग भीती कायची?” मी नव्या खेळांची बाजू घेतली, त्यांत आपलं पात्र आपल्याला ओळखीचं होतं, नुसते आकडे राहत नाहीत. त्यावर ते म्हणाले की शहाऐंशी साली त्यांनी आणि तीन मित्रांनी स्वतःचा एक खेळ रचला होता. नाव ‘वस्ती’. त्यात आकडे मुळीच नाहीत.

हा रविवार सुट्टी. चौदा तारखेच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या तयारीत नागसेन आणि मेघा बुडालेत.

२० एप्रिल, रविवार

‘वस्ती’ खेळलो. आजवर खेळलेल्यातला सर्वांत सुंदर खेळ, हे मी शुद्धीवर राहून लिहिते आहे.

टंकलेखन केलेली चार पिवळी पानं. फाशांऐवजी एका बाजूने घासलेले सहा चिंचोके. जंगलात एक वस्ती आहे आणि आपण तिथली माणसं, बस्स. पात्राला खेळाडूचंच नाव द्यायचं. शक्ती किती, हुशारी किती, असलं काही नाही. एका कागदावर प्रश्न आहेत. दार कुठल्या हाताने उघडता? कुणाशी बोलणं बंद आहे? कशाची हिंमत होत नाही? मी सगळं खरंखरं लिहिलं. दादाशी दोन वर्षं अबोला आहे हेसुद्धा. खाली सही केली. देवरावांनी कागद हळूच फुंकर मारून वाळवला आणि फाइलीत ठेवला.

खेळात माझी मयुरा एकटी विहिरीत उतरली. बाहेर मी एवढी धीट कधीच नसते.

२८ एप्रिल, सोमवार

काल जाता आलं नाही. बाहेरचे तपासनीस येणार म्हणून कंपनीने रविवारी बोलावलं. मेघाला संदेश टाकला होता. आत्ता तिचं उत्तर आलंय : “काल लई मजा आली वं, तू त कमाल केली!”

हा संदेश चुकून मला पाठवला असेल.

४ मे, रविवार

चुकून नव्हता.

गेल्या रविवारी मी आले होते असं तिघंही म्हणतात. मी थट्टा समजून हसले, मग चिडले. मेघाने मोबाइलवरचा फोटो दाखवला. चौथ्या खुर्चीत मी. पिवळा कुर्ता, मान मागे टाकून हसतेय. त्या वेळी मी हिंगण्याला कंपनीत होते, हजेरीच्या यंत्रावर माझ्या अंगठ्याची नोंद आहे. खेळाच्या वहीत त्या दिवशीची दोन पानं माझ्या अक्षरात आहेत.

नागसेनला वाटतंय मीच त्यांची फिरकी घेतेय. देवरावांनी फाइल उघडली. त्यांनी ‘वस्ती’चं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. नववा नियम : गैरहजर खेळाडूचं पात्र थांबत नाही.

मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, लिहिलंय तेच.

८ मे, गुरुवार

आईचा फोन आला, रडत होती. आनंदाने. म्हणाली, काल तू दादाला आपणहून फोन केलास, किती बरं वाटलं! तो घरी सगळ्यांना सांगत सुटलाय. फक्त बोलणं कसलं लागलंय तुला, “मले, तुले” करत होतीस म्हणे.

मी फोन केलेला नाही. माझ्या फोनमध्ये तशी नोंदही नाही.

आईला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती इतकी खूश होती.

११ मे, रविवार

आज चुकवायचं नाही म्हणून साडेतीनलाच पोचले. खेळले, पण लक्ष दाराकडे. मेघाने दोनदा विचारलं, आज तू एवढी गप्प काहून आहेस? मग नागसेनकडे बघून हळू म्हणाली की सत्तावीस तारखेची मयुरा भारी होती.

उठताना मी कागद परत मागितला, फाडायला. देवरावांनी फाइल छातीशी धरली. म्हणाले, फाडता येईल, पण मागं दोघींतली कोण उरेल ते त्यांच्या हातात नाही.

१४ मे, बुधवार

कंपनीच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. मॅडम, तुम्ही मघाशीच आत गेल्या ना? हसत होता. मी यंत्रावर अंगठा ठेवला. नोंद आधीच झालेली.

काचेतून आत पाहिलं. माझ्या टेबलापाशी चारही जणी जमून हसत होत्या. मधोमध कोणीतरी पाठमोरी.

आत जायची हिंमत झाली नाही. उन्हातून चालत खोलीवर आले.

१५ मे, गुरुवार

घरमालकीणबाईंना हाक मारली. तीनदा. त्या पुढ्यातच कपडे वाळत घालत होत्या. चौथ्यांदा इकडेतिकडे बघितलं त्यांनी, वारा आल्यासारखं.

आईला फोन लावला. ती नुसतं हॅलो, हॅलो म्हणत राहिली.

१६ मे, शुक्रवार

नाक्यावर चहा मागितला. माझ्यामागे उभे होते त्यांना मिळाला. मला नाही. मी पुन्हा मागितला. टपरीवाल्याची नजर माझ्यातून पार —

दिवसभर खोलीत येरझाऱ्या. बसवत नाही. बसलं की वाटतं, उठता येणार नाही.

१७ मे, शनिवार

देवरावांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं आणि मला बघितलं. हो, बघितलं! मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले.

पाणी दिलं. मी विचारलं, तुमचे ते तीन मित्र कुठे आहेत? आपापल्या घरी आहेत, म्हणाले. नोकऱ्या केल्या, लेकरं झाली, नातवंडं झाली. घरच्यांना काही फरक कळला नाही.

आणि तुम्ही, मी विचारलं, तुम्ही कधी गैरहजर होता का?

ते बराच वेळ शर्टाच्या वरच्या बटणाशी चाळा करत होते.

“देवराव एक रविवार चुकला होता, पोरी. मले तो दिवस चांगला आठवते. त्याची बायको आजारी होती. मी गेलो त खुर्ची रिकामी होती.”

मी तिथून उठून पळणार होते. पण ओरडले, मग मला का खेळवलंत? त्यांनी मान खाली घातली. वस्तीत माणसं उरली नाहीत, म्हणाले. एकट्यानं करमत नाही.

मग खालच्या आवाजात एक सांगितलं : उद्या तिच्याआधी जाऊन बस. ती खुर्चीत बसायच्या आत नागसेननं तुझं नाव घेतलं अन् तू ओ दिली, तर तू हजर.

“खऱ्या देवरावाले हे कोणी सांगतलं नव्हतं,” म्हणाले.

१८ मे, रविवार

दुपारी ३.१०. बसले आहे. चौथ्या खुर्चीत. दार उघडंच होतं. मेघा पन्हं ढवळतेय. मला ये म्हणाली नाही. ही डायरी मांडीवर घेतलीय, हाताला काहीतरी काम हवं.

३.३५. नागसेन आला. टेबल पुसलं. माझ्या कोपरावरून फडकं फिरवलं. मला स्पर्श जाणवला नाही.

३.५०. देवराव आले. फाइल ठेवली. माझ्याकडे बघतात आणि मान वळवतात. ग्लास चार मांडलेत. माझ्यापुढचाही. उचलायला गेले तर —

३.५६. नागसेन म्हणतोय, चला, सुरू करू. खेळाच्या वहीत नावं लिहितोय. मेघा. देवराव. आता माझं. आता —

तो म्हणाला, “मयुरा?”

मी ओ दिली. मोठ्याने दिली. पुन्हा दिली. घसा फाटेस्तोवर —

मेघा म्हणतेय, येईल ना, थांब गा थोडं.

देवराव ऐकतात. त्यांना ऐकू येतंय. बोला ना. एक शब्द बोला, ही बसलीय म्हणा —

त्यांनी फाइल उघडली. माझा कागद वर ठेवला.

जिन्यात चपला. भरभर. मेघा उठली, हसली, “ये वं, तुझीच वाट पाहून राहिलो” —

दारात. माझ्याकडे बघतेय. फक्त तीच बघतेय. रागाने नाही. आजाऱ्याकडे बघावं तसं —

मी उठणार नाही. टेबल घट्ट धरलंय. मी मयुरा, सांगलीची, मी आले होते, मी आधी आले होते, मी इथेच —

खुर्ची ओढतेय. मी असताना ओढ