गळ्यापासून खाली

४ नोव्हेंबर
पोहोचलो! जबलपूर मस्त आहे. सराफ्यात सोनाराच्या दुकानावर स्टुडिओ, मागच्या खोलीत माझी खाट. मालक श्रीकांतभैया आपलेच, नागपूरकडचे. त्यांच्या घरच्या लतिकादीदी गरम पोळी वाढतात. आठवी नापासाला कॉम्प्युटरची नोकरी भेटली, वरूडात कोणी खरं मानणार नाही. निघताना मायनं हिरवी साडी नेसून जन्मातला पहिला फोटो काढू दिला. मोठा करून पाठव म्हणाली. पाठवीन.

१२ नोव्हेंबर
काम जमून राहिलं. फोटो फोटोशॉपमध्ये साफ करायचा, तोच प्रीमियरमध्ये जोडून व्हिडिओ बनवायचा. मजा अशी की दोन्ही जोडलेले राहतात. इकडे टिकली बदलून सेव्ह केली की तिकडे व्हिडिओत आपोआप बदलते. भैया म्हणाले, मशीनच करते सगळं, तू काहून घाम गाळतो.

१९ नोव्हेंबर
इथून जवळच्या पाटन गावाहून एक जण आला. त्याची अम्मा वारली, उद्या तेरवी. श्रद्धांजलीचा व्हिडिओ पाहिजे आणि फोटो आधार कार्डावरचा, नुसतं तोंड. भैया म्हणाले, लाव कुणाचंही धड, सगळे तसंच करतात. शोधायचा कंटाळा आला. मायचा फोटो समोरच होता. गळ्यापासून खाली माय, वर अम्मा. हार घातला, दिवा लावला. पोरगा पाहून रडला. अम्मा एकदम जिवंत वाटते म्हणे. मला बरं वाटलं आणि कसंतरीही.

२० नोव्हेंबर
सकाळीच त्याचा फोन. अम्माच्या मनगटावर हे ‘योगेश’ कोण? मी झालो तेव्हा मायनं जत्रेत गोंदवून घेतलेलं माझं नाव. पुसायचं राहून गेलं होतं. पुसलं, सेव्ह केलं. व्हिडिओतूनही गेलं.
दुपारी माय फोनवर बोलली. मान जड झाली, झेंडूचा वास जात नाही म्हणे. फोटोचं विचारलं. फ्रेम करायला दिला, असं खोटं बोललो.

२२ नोव्हेंबर
बहिणीचा, संपदाचा फोन. मायच्या मनगटावरचं गोंदण नाही. साबणानं जाते का रे दादा, विचारून राहिली. तिनं मायला फोन दिला. माय म्हणाली, कौन बोल रहा है?
मायला हिंदी येत नाही.

२३ नोव्हेंबर
नाव परत लिहिलं. सेव्ह केलं. तिकडे उमटत नाही. दहा वेळा केलं. पाटनवाल्याला म्हटलं, व्हिडिओ बंद करा. तो म्हणे टीव्हीवर दिवसभर चालू आहे, अम्मा आता बोलेलच असं वाटते.
संपदाला कसं सांगू — जित्या मायला हार मीच घातला —

२४ नोव्हेंबर
माय जेवत नाही. मेरे को पाटन ले चलो, एवढंच म्हणते. दुसरं धड लावावं तर तेही कुणाची तरी माय —

२५ नोव्हेंबर
दीदींची शाल पांघरून माझाच फोटो काढला. गळ्यापासून खाली मी. सेव्ह.
तिकडे बदललं!
संपदाचा फोन — गोंदण परत आलं. माय मनगट पाहून रडली. माझा योगेश कुठं आहे म्हणे. संपदानं फोन तिच्या कानाला लावला. मायनं हाक मारली. सगळं कबूल करायला तोंड उघडलं —
तोंडातून निघालं, कौन?
मान जड. झेंडू. हात अजून माझा आहे, लिहितो. माय, तुझा फोटो फ्रेमला दिला नव्हता, मी तो —