मामांवर नोटीस काढता येते का

नवनगर, हुबळी
९ जानेवारी २००१

तीर्थरूप भीमराव मामांना भाचा महेश याचा दोन्ही हात जोडून दंडवत. मामीचा गुडघा, व्यालेली म्हैस आणि तुमचा राग, तिन्ही कशी आहेत ते कळवावं. मी बरा आहे.

आईकडून कळलं की येत्या रविवारी बेळगावचे लोक योगिताला बघायला येणार. मामाची मुलगी भाच्याला, ही आपल्यातली रीत. योगिताच्या बारशाला तुम्हीच ती चारचौघांत बोलून दाखवली होती (मी तेव्हा पाच वर्षांचा, माझं सगळं लक्ष लाडवाकडं). आता मी गोवा, पुणे, परत गोवा असा चार वर्षं हिंडलो म्हणून तुम्ही शब्द फिरवला, असं मनात धरून बसलो होतो. त्या रागात माझ्या हातून एक प्रकार झाला. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच लिहितो.

इथल्या लॉ कॉलेजात परवा स्पर्धा झाली. वकील होणारी मुलं जोडीनं टेबलामागं बसतात, समोर खोटा पक्षकार येतो, त्याचं गाऱ्हाणं काढून घ्यायचं आणि सल्ला द्यायचा. भांडायचं नाही, टेबल बडवायचं नाही, नुसतं ऐकायचं (आपल्या घरातनं एकाचाही नंबर आला नसता). जिंकत गेलेली जोडी शेवटी परदेशात जाऊन तिथल्या पक्षकारांचं ऐकते. पक्षकार व्हायचं होतं कमरीपेठेतल्या नाटकवाल्या विठ्ठलरावांनी, पण त्यांचा घसा बसला. मी कामानिमित्त हॉलमध्ये होतोच. स्पर्धा घेणाऱ्या सरांनी मलाच धरलं आणि कानडीत लिहिलेला कागद हातात दिला. शेजाऱ्यानं माझ्या जागेत भिंत घातली, असं सांगायचं. ती भिंत मुळात माझ्या बापानंच घातली होती, हे मात्र विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

पहिल्या जोडीनं फौजदारासारखं विचारलं, मी भिंत सांगितली, झालं. दुसऱ्या जोडीत प्रभंजन आणि सायली. सायलीनं आधी पाणी दिलं आणि म्हणाली, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही (समोर तीन परीक्षक आणि चाळीस पोरं बसलेली). मग "हेळ्री, अण्णा," म्हणजे सांगा दादा, असं म्हणाली आणि वही उघडली. मी भिंत सांगितली. ती म्हणाली, "आमेले?" पुढं काय, असं मला चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मामा. तुम्ही तर नाहीच. तोंडातली भिंत गेली आणि तुम्ही आलात. बारसं, शब्द, बेळगाव, सगळं बाहेर पडलं. शेवटी मी विचारलं, "मामांवर नोटीस काढता येते का?"

चाळीस पोरं हसली. प्रभंजन हसला नाही. म्हणाला, "रीत आहे म्हणून असं लग्न कायद्यात चालतं. रीत आहे म्हणून ते कुणावर लादता येत नाही." सायलीनं वही मिटली आणि विचारलं, "मुलगी काय म्हणते?"

मामा, याचं उत्तर तुम्हाला आलं असतं का? आईला? इतक्या वर्षांत योगिताला कुणी विचारलेलंच नाही.

नियम असा की पक्षकार बाहेर गेल्यावर ती दोघं त्याच्याविषयी परीक्षकांसमोर बोलतात. मी दाराआड थांबलो. सायली म्हणाली, याला मामांचा राग नाही, मुलगी नको म्हणेल याची भीती आहे. (खोटं नाही.) सरांनी नंतर मला गाठलं, "अरे, कागदात मामा कुठं होता?" भिंत पूर्ण निघाली नाही म्हणून त्या दोघांचा दुसरा नंबर आला. पुढं पहिली जोडी जाणार. मी माफी मागायला गेलो तर सायली म्हणाली, ते राहू दे, मुलीला विचारलंत का?

मामी आणि घरच्या सर्वांना नमस्कार. रागावू नये.

तुमचा भाचा,
महेश

ता. क. पत्रात एक बंद चिठ्ठी आहे, ती योगिताला द्यावी. सातवी शिकलेली आहे, तिची ती वाचेल. उत्तर तिनं स्वतः लिहावं, तुम्ही सांगून लिहवून घेऊ नये. रविवारच्या आत.

ता. क. २. चिठ्ठी तुम्ही आधी फोडणार हे धरूनच चाललोय. फोडा, पण वाचून झाल्यावर तिला द्या.

ता. क. ३. चिठ्ठीत पहिल्याच ओळीत आहे म्हणून इथंही लिहितो. आईनं मी कॉलेजात क्लार्क आहे असं सांगितलंय, ते मीच तिला सांगितलं होतं. मी कँटीनला चहा करतो. योगिता नको म्हणाली तर रविवारी मला बोलवा. बेळगावचे कितीही येऊ देत, मामीला गुडघा घेऊन चुलीपुढं बसावं लागणार नाही.