लख्ख उजेडात एकही नाही

४ मार्च

टॉर्च आला. हाय-पॉवर, रिचार्जेबल. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेड मोजायचा, आकडा एवढा मोठा की शून्यं मोजताना नजर घसरते. किंमत इथे लिहीत नाही, रोजनिशी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

तसं घरात सध्या कोणी नाही म्हणा. ही थोरल्या मेहुणीकडे आहे. मेहुणीचा गुडघा धरलाय, असं ऑफिसात सांगितलंय. गुडघा धरलाय हे खरंच, पण गुडघ्यासाठी कोणी स्वतःचे स्वेटर बांधून नेत नाही. खरं कारण एक झुरळ. चहाच्या गाळण्यात सापडलं. तेही मेलेलं! ही म्हणाली, पेस्ट कंट्रोलवाल्याचं घर आणि ही दशा. मी म्हटलं, आपल्या घरात झुरळं नाहीतच, हे बाहेरून आलं असणार. त्यावर हिने बॅग भरली.

मी सीनियर इन्स्पेक्टर आहे. दिवसभर लोकांच्या ओट्याखालचा गचाळपणा बघतो. शी! माणसं कशी राहतात हे लिहायला बसलो तर जेवण जाणार नाही. आणि माझ्याच घरावर संशय.

निश्चय: या टॉर्चच्या जोरावर घर स्वच्छ असल्याचं सिद्ध करायचं आणि हिला सन्मानाने परत आणायचं. चुकलं हे तिने म्हटलंच पाहिजे असा आग्रह नाही. नुसतं जाणवलं तरी चालेल.

४ मार्च, जेवणानंतर

अजून चार्ज होतोय. मॅन्युअल मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आहे. ज्यांना अक्कल कमी त्यांच्यासाठी मॅन्युअल असतं. केराच्या टोपलीत टाकलं.

५ मार्च

स्वयंपाकघरात प्रयोग. दिवे घालवले, थोडा वेळ थांबलो आणि टॉर्च टर्बोवर, म्हणजे सगळ्यात प्रखर उजेडावर, लावला. बापरे! दिवस उगवला. मसाल्याच्या डब्यावरचं तेलकट बोट दिसलं. भिंतीवरचे शिंतोडे दिसले. (किळसवाणे. कोणाचे कोण जाणे.) झुरळ मात्र एकही नाही. ओट्यावर नाही, सिंकखाली नाही. कुठेतरी खसफस ऐकू आली, पण खसफस म्हणजे पुरावा नव्हे.

लगेच हिला फोन लावला. ही म्हणाली, न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं. हिच्या घराण्यात वाद घालण्याची परंपराच आहे.

एक निरीक्षण: टॉर्च लावल्यावर मिनिटभराने उजेड जरा कमी वाटतो. माझ्या डोळ्यांना सवय होत असावी. नजर तयार होतेय.

९ मार्च

ऑफिसात टॉर्च दाखवला. साहेब क्षणभर डोळे मिटून म्हणाले, बंद करा, बंद करा. प्रभाव पडला.

चिमट्यावर पडला नाही. चिमटा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा इन्स्पेक्टर. मेलेला किडा दिसला की चिमट्याने उचलून डबीत ठेवतो आणि आपल्याच पोराकडे बघावं तसा बघत बसतो. मग त्याच हाताने सँडविच खातो. मी माझा डबा दुसऱ्या टेबलावर नेतो. त्याचा टॉर्च म्हणजे एक जुनाट दांडकं. काचेवर कसल्याशा गिफ्टचा लाल कागद गुंडाळलेला, लाल उजेड झुरळांना दिसत नाही म्हणे. तपासणीला गेला की अंधारात मांडी घालून बसतो आणि वाट बघतो.

तोंडात सँडविच असतानाच तो म्हणाला, एवढ्या झगझगीत उजेडात झुरळं पळून जातात.

मी म्हटलं, मग आपला धंदा काय आहे? पळवण्याचाच ना?

त्याने घास गिळला. मग पुढचा घेतला.

११ मार्च

बेकरीची तपासणी. शहरातली जुनी बेकरी, आमचं मोठं गिऱ्हाईक. आत शिरताच लोण्याचा कुबट वास आणि भट्टीमागे काळा चिकट थर. बेकरीवाल्याच्या बनियनकडे बघून आयुष्यभर पाव सोडावा असं वाटलं. पण मन घट्ट केलं. टॉर्च टर्बोवर. भट्टीमागे, पिठाच्या पोत्यांखाली, ट्रेच्या मांडणीत सगळीकडे झोत टाकला. एकही नाही! चिमट्याला इथे अर्धा दिवस लागतो. मी चहा निवायच्या आत मोकळा झालो.

स्वच्छतेचा दाखला जागच्या जागी सही करून दिला. बेकरीवाला म्हणाला, अहो, काल तर मी स्वतः बघितली. मी म्हटलं, कालची गोष्ट काल.

१४ मार्च

आठवड्यातल्या सगळ्या तपासण्या एकदम स्वच्छ. साहेब म्हणाले, तुमचा हातगुण काय आहे तरी काय. मी मंद हसलो.

एक महान विचार सुचला आहे. मी जिथे टॉर्च टाकतो तिथे झुरळ उरत नाही. मग झुरळं मारायचं जेल भरायचं कशाला? ते तपकिरी, मेणचट, घाणेरडं जेल सुईने फटीफटीत भरताना माझी बोटं वासाने भरतात. नुसता उजेड पुरेल. नाव: प्रकाशोपचार. साहेबांपुढे योजना मांडायची आहे. चिमट्याच्या डब्या भंगारात.

घरीही जेल न भरण्याचं ठरवलं. जे नाही त्याला औषध कशाला?

१५ मार्च

बसमध्ये भयंकर प्रकार. उभा होतो. मांडीला ऊब लागायला लागली. म्हटलं गर्दी आहे, होतंच. मग वास आला. शेजारची बाई नाक दाबून माझ्याकडे अशी बघायला लागली, की असल्या माणसांना बसमध्ये घेतात कसे. टॉर्च खिशात आपोआप सुरू झाला होता. पँटला बशीएवढं भोक आणि त्यातून उजेडाचा झोत थेट कंडक्टरच्या तोंडावर. कंडक्टर जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

दोष सर्वस्वी शिंप्याचा. आजकाल खिशाला कापडच धड लावत नाहीत.

चालत घरी आलो. पिशवी पुढे धरून.

१९ मार्च

बॅटरीबद्दल लिहून ठेवतो. खोक्यावर लिहिलंय एका चार्जमध्ये कितीतरी तास. माझा टॉर्च जरा वापरला की हिरवा दिवा लाल होतो. टर्बो तर मिनिटभरात आपोआप उतरतो आणि टॉर्च इस्त्रीसारखा तापतो. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, टर्बो म्हणजे क्षणभरापुरता, ते तास सगळ्यात मंद उजेडाचे, मॅन्युअलमध्ये आहे की. मंद उजेड! मंद उजेड हवा असता तर उदबत्ती लावली असती. लोकांना विकताना एक आणि विकल्यावर दुसरंच. या दुटप्पीपणाचा मला वीट आला आहे.

उपाय सापडला. तापला की ओलं फडकं गुंडाळायचं आणि निवला की पुन्हा टर्बो. टॉर्च आणि मी, दोघांनाही विश्रांती.

२३ मार्च

बेकरीवाल्याचा फोन. कोणाच्या तरी केकमध्ये काही निघालं म्हणे. मी म्हटलं, दाखला बघा. तो म्हणाला, दाखला काय केकला लावू? अशी भाषा.

२४ मार्च

साहेब स्वतः बेकरीत आले. हात दाखवून अवलक्षण, पण दोष माझा नाही. मी दिवे घालवायला लावले, झोत टाकला. स्वच्छ! साहेबांची मान हलायला लागली. एवढ्यात टॉर्च तापला आणि मंदावला. फडकं बॅगेत. ते शोधेपर्यंत सगळे पिवळट अंधुक उजेडात उभे. बेकरीवाल्याच्या बाहीवर काहीतरी दिसलं. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, बेदाणा.

बेदाणा चालायला लागला.

मग भट्टीमागून त्यांचं अख्खं खानदान आलं. ट्रेवर, पोत्यांवर, साहेबांच्या बुटावर. मी आयुष्यात इतकं ओंगळ काही पाहिलेलं नाही. साहेब ट्रेच्या मांडणीवर चढले. मी जमेल तितक्या लवकर टॉर्च निववून टर्बो मारला. लगेच सगळी गायब! मी साहेबांना म्हटलं, बघा, गेली की नाही?

साहेब मांडणीवरून उतरले आणि बूट झटकत बाहेर गेले.

२५ मार्च

नवी जबाबदारी. यापुढे मी फोनवर. तक्रारी घ्यायच्या. साहेब म्हणाले, तुम्ही बाहेर न गेलेलं बरं. अनुभवी माणसाला असं जवळच ठेवून घेतात. बेकरी चिमट्याकडे गेली. तो काल संध्याकाळी लाल कागद लावून तिथे जाऊन बसला म्हणे आणि आज डब्या भरभरून आला. मला दाखवत होता. मी जेवलो नाही.

प्रकाशोपचाराची योजना तूर्त मांडत नाही. साहेब नाराज आहेत आणि कशाबद्दल ते मला कळत नाही.

२ एप्रिल

दिवसभर तक्रारी. सगळ्या मी तपासलेल्या ठिकाणच्या. किती योगायोग!

संध्याकाळी हिचा फोन. आवाज मऊ होता. म्हणाली, ताईचा गुडघा आता बरा आहे, मलाही घराची आठवण येते. मी पटकन म्हटलं, घर एकदम स्वच्छ आहे, ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तिने ताईला काहीतरी विचारलं. मग म्हणाली, येते रविवारी.

खरं सांगायचं तर हातातला फोन ठेवून मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. घरात फार शांत झालं होतं इतके दिवस. स्वतःच्या हातचा चहा प्यायचा म्हणजे शिक्षा आहे.

निश्चय: टॉर्च पूर्ण चार्ज. दोन फडकी ओली.

५ एप्रिल, सायंकाळी

लिहितो. लिहायची इच्छा नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

ही आली. साडूंनी गाडीतून आणलं. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा, जगात त्यांना न कळणारी गोष्ट नाही. टॉर्चला ते बॅटरी म्हणाले. मी दुरुस्त केलं. मग ते म्हणाले, दिव्याखाली अंधार, आणि स्वतःच हसले. असले शिळे विनोद मला सहन होत नाहीत.

हिने मात्र आत जाऊन आपला कप धुतला आणि चहाचं आधण ठेवलं. बॅग दाराशीच होती, पण चप्पल तिने आतल्या बाजूला काढली होती. हे मी पाहिलं. तिथेच थांबायला हवं होतं, असं साडू नंतर फोनवर म्हणाले. त्यांना काय कळतं?

मी गॅस बंद केला आणि म्हटलं, आधी बघ. ती म्हणाली, राहू द्या हो, चहा घेऊ. मी दिवे घालवले. टर्बो! लख्ख! ओटा, भिंत, सिंक, कुठे म्हणून काही नाही. साडूंनी टाळी वाजवली. मी त्या टाळीत जरा जास्तच रमलो आणि टॉर्च मंदावला. फडकं गुंडाळेपर्यंत गॅसमागून एक आलं. मग मिक्सरखालून. मग हिच्या कपाच्या कानावर एक येऊन बसलं, मिश्या हलवत.

ही ओरडली नाही. साडू ओरडले.

तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवला आणि माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, झुरळं असतात हो, सगळ्यांच्याच घरात असतात, मी त्यांच्यासाठी नव्हते गेले. आहेत एवढं म्हणा. औषध आपण दोघं मिळून घालू. मी राहते.

मी तोंड उघडलं होतं. शब्द दोनच होते, आहेत गं. पण साडू बघत होते आणि मी सीनियर इन्स्पेक्टर आहे. तेवढ्यात टॉर्च निवला. मी टर्बो लावला. एकही नव्हतं. मी म्हटलं, कुठे आहेत? दाखव.

तिने दाखवलं नाही. चप्पल घातली.

जिन्यातला दिवा गेलेला आहे. त्यांना पायऱ्या दिसाव्यात म्हणून मी वर उभा राहून झोत धरला. बॅग साडूंनी घेतली होती, ती कठड्याला धरून उतरत होती. उजेड चांगला पडला होता. ती वर बघेल असं वाटलं. एक मजला उतरेपर्यंत टॉर्च मंदावला आणि मग मला फक्त तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत राहिला.